हा-गो: सात टनांच्या हिशेबात बसवलेला रणगाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जपानी हा-गो पाहिला. बाकीच्या रणगाड्यांपुढे तो अगदीच पोरसवदा दिसला, चिलखत करंगळीच्या जाडीचं. असा रणगाडा कुणी जाणूनबुजून का बनवेल? आणि पहिला नमुना उभा करताना त्या अभियंत्यांच्या डोक्यात काय होतं?

मी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांच्या सस्पेन्शनवर अठ्ठावीस वर्षं काम केलंय. नगरला जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा या गाडीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचा उलगडा. जपानी सैन्यात शस्त्राला त्यांच्या राजवंशाच्या सनावरून क्रमांक देत. इसवी सन 1935 म्हणजे त्यांचं 2595, त्यातले शेवटचे दोन आकडे घेतले की ‘टाइप 95’. ‘हा’ हे त्यांच्या जुन्या वर्णक्रमातलं तिसरं अक्षर. इ, रो, हा असा तो क्रम. आपण क, ख, ग म्हणतो तसं. ‘गो’ म्हणजे क्रमांक. त्याच्या आधीचा मध्यम रणगाडा टाइप 89, तो ‘इ-गो’.

हा-गोची गोष्ट या इ-गोपासूनच सुरू होते. जपानने 1927 च्या सुमारास ओसाकाच्या शस्त्रागारात आपला पहिला प्रायोगिक रणगाडा बनवला. तो 18 टनांवर गेला आणि जड ठरला. मग इ-गो आला, जेमतेम 12 टनांचा. पायदळाबरोबर चालायला तो चांगला होता, पण त्याचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या पुढे जात नव्हता. 1931 नंतर जपानी सैन्य चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात पसरलं आणि तिथल्या सपाट मुलखात पायदळ ट्रकमधून फिरू लागलं. ट्रक ताशी 40 ने पुढे निघून जायचे आणि रणगाडे मागे धूळ खात यायचे. रणगाडा सोबत नसलेले ट्रक म्हणजे नुसतं सावज, आणि रणगाड्यासाठी ट्रक थांबवायचे तर मोटारींवर केलेला खर्च वाया. 1934 मध्ये मांचुरियात यांत्रिक ब्रिगेड उभी राहत होती, तिला ट्रकच्या बरोबरीने धावेल असा रणगाडा हवा होता.

म्हणजे मागणी अशी होती: ताशी 40 किलोमीटर, वजन सात टनांच्या आसपास, 37 मिलिमीटरची तोफ, तीन माणसं. चिलखत रायफलची आणि मशीनगनची गोळी अडवेल इतकं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. तोफेचा गोळा अडवायचा, असं त्यात कुठेही नव्हतं. तुम्ही 12 मिलिमीटरच्या पत्र्याकडे बोट दाखवता, तेव्हा ती मागणी तंतोतंत पाळलेली तुम्हाला दिसत असते.

आता वजनाचा हिशेब, कारण माझ्या मते हलक्या रणगाड्याचं सगळं शास्त्र याच एका वहीत असतं. एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचं वजन भरतं 7.85 किलो. म्हणजे 12 मिलिमीटरचा चौरस मीटर साधारण 94 किलो, आणि 30 मिलिमीटरचा 235 किलो. दोघांत फरक 141 किलोंचा. पुढचा भाग, दोन्ही बाजू आणि बुरूज (वरचा, तोफेसकट फिरणारा भाग) मिळून 12 चौरस मीटर धरले, तरी पत्रा जाड करण्याची किंमत 1,700 किलोंच्या घरात जाते. आणि ती तिथे थांबत नाही. पावणेदोन टन वाढले की स्प्रिंगा जाड हव्यात, पट्टा रुंद हवा, ब्रेक मोठे हवेत, गिअरबॉक्सचे दाते मजबूत हवेत. या प्रत्येकाचं वजन पुन्हा त्याच वहीत चढतं. मग इंजिन अपुरं पडतं, मोठं इंजिन घेतलं की त्याला जागा लागते, जागा वाढवली की तिच्याभोवती पुन्हा चिलखत. आम्ही याला कामावर ‘वजनाचा फेरा’ म्हणायचो.

हा फेरा मी स्वतः अनुभवलाय. एका नमुना-गाडीवर काम चालू असताना प्रत्येक विभागाचा माणूस येऊन सांगायचा, ‘साहेब, आमचं फक्त चार किलो वाढतंय.’ चार किलो वाढवायला कुणाची ना नसायची. एके दिवशी गाडी काट्यावर चढवली तर कागदावरच्या वजनापेक्षा ती तीनशे किलोंहून जास्त भरली. त्या रात्री आम्ही कंस, झाकणं, पेट्या, हत्यारांचे डबे एकेक काढून तोलत बसलो होतो. सात टनांच्या गाडीत तीनशे किलो म्हणजे काय, हे ज्याने असं तोलून पाहिलंय त्याला हा-गोच्या अभियंत्यांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

कारण त्यांच्यावरही हीच वेळ आली. पहिला नमुना जून 1934 मध्ये सागामीच्या शस्त्रागारात तयार झाला. आराखड्यामागे प्रामुख्याने तोमिओ हारा हा लष्करी अभियंता होता, जपानी रणगाड्यांच्या पहिल्या प्रायोगिक यंत्रापासून या कामात असलेला. धावण्याच्या चाचण्या उत्तम झाल्या, पण वजन भरलं 7.5 टन. ते जास्त ठरलं आणि नमुना परत कारखान्यात गेला. खरवडून खरवडून तो 6.5 टनांवर आणला. तयार गाडीच्या वजनातून एक टन काढणं म्हणजे बांधून झालेल्या घरातून एक भिंत काढण्यासारखं आहे. छत कोसळू द्यायचं नाही आणि खोलीही कमी करायची नाही.

इंजिनाची निवड हा या गाडीचा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय. मित्सुबिशीचं सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं डिझेल इंजिन, 14.4 लिटरचं, 120 अश्वशक्तीचं. त्या काळी युरोपातले बहुतेक हलके रणगाडे पेट्रोलवर चालत. जपानने विसाच्या दशकात ब्रिटिशांकडून व्हिकर्सचा एक मध्यम रणगाडा आणला होता, त्याच्या पेट्रोल इंजिनाला चाचणीतच आग लागली होती. ती आठवण पक्की राहिली. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी चटकन पेट घेत नाही, आणि तेवढ्याच टाकीत गाडी जास्त लांब जाते. तेल परदेशातून आणणाऱ्या देशाला हे दुसरं कारणही तितकंच मोलाचं होतं. राहिला प्रश्न पाण्याचा. मांचुरियातल्या हिवाळ्यात रेडिएटरमधलं पाणी गोठतं, ब्लॉक तडकतो, सकाळी गाडी उभ्या जागी मरते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात गोठायला पाणीच नाही.

याची किंमत त्यांनी मोजली. 14.4 लिटरमधून 120 अश्वशक्ती म्हणजे लिटरमागे आठच्या थोडं वर. इंजिन आकाराने मोठं, आवाजाने कर्कश. पण गाडी हलकी ठेवल्यामुळे, लढाईच्या तयारीत 7.4 टन धरले तरी, टनामागे 16 अश्वशक्ती मिळत होती. सोव्हिएत टी-26 ला टनामागे नऊ-साडेनऊ, जर्मनांच्या पहिल्या पँझरला 11. हा आकडा पाहिला की वजनावरून एवढी ओढाताण का केली ते समजतं.

आता माझ्या आवडीचा भाग: चाकं आणि स्प्रिंगा. नगरला गाडीच्या बाजूला उकिडवं बसून पाहा. प्रत्येक बाजूला चार मोठी चाकं, दोन-दोनच्या जोडीत. प्रत्येक जोडी एका वाकड्या बाहूला लटकलेली. हा बाहू म्हणजे काटकोनी तरफ, आमच्या भाषेत बेल क्रँक. चाक वर उचललं गेलं की तरफेचं दुसरं टोक आडवं ढकललं जातं आणि ते टोक स्प्रिंग दाबतं. ही स्प्रिंग उभी नाही, गाडीच्या अंगाला समांतर, आडवी, एका नळकांड्यात बसवलेली आहे. पुढच्या आणि मागच्या जोडीच्या तरफा त्या नळकांड्याच्या दोन टोकांना येऊन मिळतात.

यातलं शहाणपण असं की उभ्या स्प्रिंगला उंची लागते. ती आडवी केली की उंची वाचते, गाडीच्या पोटात स्प्रिंगसाठी जागा द्यावी लागत नाही, आणि मोडली तर बाहेरूनच बदलता येते. चिखलात, रात्री, कंदिलाच्या उजेडात स्प्रिंग बदलणाऱ्या कारागिराचा विचार आराखडा काढतानाच केलेला आहे. हारा यांची ही रचना नंतरच्या कितीतरी जपानी रणगाड्यांत तशीच राहिली.

तिचा दोषही मांचुरियातच उघडा पडला, आणि तो आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल असा आहे. तिकडे काओलियांग पिकतं. काओलियांग म्हणजे ज्वारीच. ज्वारीची शेतं सरी-वरंब्यांची, सऱ्या सारख्या अंतरावर. हा-गो त्या आडव्या सऱ्यांवरून जायला लागला की चाकांमधलं अंतर आणि सऱ्यांमधलं अंतर यांचा असा मेळ बसायचा की जोडीची चाकं सरीत गचकायची, मग वरंब्यावर चढायची, पुन्हा गचकायची. गाडी नाक खाली, शेपूट वर, मग उलट, अशी झुलायला लागायची. एका ठरावीक वेगाला हे झुलणं वाढतच जातं, झोक्याला योग्य वेळी रेटा दिल्यासारखं.

एकदा चाचणीसाठी आम्ही पट्ट्यांची गाडी काळ्या मातीच्या खोल नांगरटीत आडवी घातली होती. मी चालकाच्या मागे उभा होतो. पहिल्या वीस मीटरला गंमत वाटली. पन्नास मीटरवर माझं कपाळ पुढच्या पट्टीवर आपटलं आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला. त्याने वेग जरासा वाढवला, तर झुलणं कमी झालं. कमी केला, तरी कमी झालं. मधल्याच एका वेगात गाडी अंगात आल्यासारखी करत होती. त्या अवस्थेत नेम धरायचा, गोळा भरायचा, हे मनात आणून पाहा.

जपान्यांनी यावर केलेला उपाय साधा होता. मांचुरियातल्या गाड्यांना प्रत्येक जोडीतल्या दोन मोठ्या चाकांच्या मधे एक छोटं चाक बसवलं. पट्ट्याला मधेच आधार मिळाला, सरीत गचकणं कमी झालं. सगळं सस्पेन्शन नव्याने न आखता एका भागाने प्रश्न मार्गी लावणं, याला मी उत्तम अभियांत्रिकी म्हणतो. आतल्या बाजूला ॲस्बेस्टॉसचं अस्तर होतं. उन्हात तापलेल्या पत्र्यापासून ते वाचवायचं आणि अशा हेलकाव्यांत डोकं, कोपर आपटलं तर मार थोडा कमी लागायचा.

चिलखतावरून वाद तेव्हाही झाला. नमुना पाहून पायदळवाले म्हणाले, हा आम्हाला लढाईत साथ देणार कसा, चिलखत 30 मिलिमीटर तरी हवं. घोडदळवाले खूश होते. त्यांना आधीच्या चिलखती मोटारींपेक्षा ही गाडी सगळ्या बाबतींत वरचढ वाटत होती. निकाल लावण्यासाठी 1934-35 च्या हिवाळ्यात नमुना मांचुरियात पाठवला गेला. अहवाल अनुकूल आले. जून 1935 मध्ये दुसरा नमुना सुरू झाला, नोव्हेंबरात पुरा झाला, आणि 1936 पासून मित्सुबिशीने उत्पादन हाती घेतलं. एकूण सुमारे 2,300 गाड्या बनल्या, जपानच्या दुसऱ्या कुठल्याही रणगाड्यापेक्षा जास्त.

माझ्या मते पायदळाचा आक्षेप चुकीचा नव्हता, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं. पत्रा 12 चा की 30 चा यापेक्षा मोठा दोष बुरुजात होता. बुरुजात माणूस एकच. तोच कमांडर, तोच तोफची, तोच गोळा भरणारा. तोफेच्या मागे खांदा टेकवून ती वर-खाली करायची, नेम धरायचा, गोळा सोडायचा, नवा गोळा भरायचा. मागच्या बाजूला मशीनगन आहे, गरज पडली तर बुरूज फिरवून तीही चालवायची. आणि हे सगळं करताना चालकाला दिशा सांगायची, बाकीच्या गाड्यांवर नजर ठेवायची. बहुतेक गाड्यांत रेडिओ नव्हता, निशाणांनी इशारे द्यायचे. मी कितीतरी वेळा पाहिलंय, दोन माणसांचं काम एकाला दिलं की तो दोन्ही कामं अर्धी करतो. तोफ कितीही चांगली असो, शत्रू आधी दिसला नाही तर तिचा उपयोग काय? दुसऱ्या माणसासाठी बुरूज रुंद करावा लागला असता, रुंद बुरुजासाठी गाडीचं धड रुंद, आणि पुन्हा तोच वजनाचा फेरा. सात टनांची अट धरून बसल्यावर हा त्याग त्यांनी पत्करला. मी त्या खोलीत असतो तर वेगातले पाच किलोमीटर सोडले असते आणि दुसरा माणूस घेतला असता.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून त्यातलं मोजकंच सांगतो. 1941 च्या डिसेंबरात मलायात जपानी उतरले तेव्हा ब्रिटिशांकडे तिथे एकही रणगाडा नव्हता. 11व्या भारतीय डिव्हिजनमधल्या कितीतरी जवानांनी तोवर रणगाडा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. जित्राच्या आघाडीवर भर पावसात रस्त्यावरून रणगाडे चाल करून आले, तेव्हा काय झालं असेल ते कल्पनेनेच समजून घ्यावं. ज्या मुलखात जड रणगाडा पुलावरून जाऊ शकत नाही, तिथे सात टनांची गाडी पूल ओलांडून पलीकडे उभी राहते. अंगावर पातळ पत्रा असूनही तिथे ती बिनतोड ठरली, कारण तिला अडवणारं समोर काही नव्हतं.

समोर काही आलं तेव्हाची गोष्ट 18 जानेवारी 1942 ची, मलायातल्याच मुआरजवळच्या बाक्रीची. ऑस्ट्रेलियन तोफचींनी दोन पौंडी रणगाडाविरोधी तोफा रस्त्यावर रोखून ठेवल्या होत्या. त्यांचे पहिले चिलखतभेदी गोळे हा-गोच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडले आणि गाड्या चालतच राहिल्या. पत्रा इतका पातळ की गोळ्याला आत थांबायला काही आडवंच येत नव्हतं. मग त्यांनी आत फुटणारे गोळे वापरले आणि नऊच्या नऊ रणगाडे तिथेच संपले. त्या गाड्यांत प्रत्येकी तीन माणसं होती. दोन वर्षांनी, मार्च 1944 मध्ये, मणिपूरच्या सीमेवर तामूच्या परिसरात हा-गोंची गाठ ब्रिटिश दलाच्या ली रणगाड्यांशी पडली. लीचं वजन 27 टनांहून अधिक, तोफ 75 मिलिमीटरची. तिथे हा-गोंचा निभाव लागला नाही.

दोष नमुन्याचा होता का? 1934 मध्ये विचारलेल्या प्रश्नाला तो नमुना अचूक उत्तर होता: ट्रकबरोबर धावणारा, थंडीत सुरू होणारा, आगीला न भिणारा, गोळी अडवणारा. दहा वर्षांनी प्रश्न पार बदलला होता आणि उत्तर तेच पाठवलं जात होतं. 1939 ला मांचुरिया-मंगोलिया सीमेवरच्या नोमोनहानच्या माळावर सोव्हिएत 45 मिलिमीटरच्या तोफांनी हे स्पष्ट दाखवलं होतं. त्यानंतरही हा-गोचं उत्पादन 1943 पर्यंत चालू राहिलं. याचा जाब अभियंत्याला विचारता येत नाही. त्याच्या हातात वही होती, त्याला घालून दिलेल्या अटींत बसेल ते सगळं त्याने तीत बसवून दाखवलं.

तुम्ही पुन्हा नगरला जाल तेव्हा तीन गोष्टी जवळून पाहा. पहिली, रिव्हेटांच्या ओळी. पत्रे जोडायला वेल्डिंगबरोबर रिव्हेटही वापरलेत. गोळी रिव्हेटच्या डोक्यावर बसली की मागचा तुकडा आत उडायचा, म्हणून नंतरच्या काळात जगभर ही पद्धत मागे पडली. दुसरी, बुरूज. तो मधोमध नाही, डावीकडे सरकवलेला आहे. एका माणसाने आत उभं राहून चहूकडे फिरायचं, एवढीच त्याची रुंदी. तिसरी, चाकं मोजा. जोडीतल्या दोन मोठ्या चाकांच्या मधे छोटं चाक दिसलं तर ती ज्वारीच्या शेतांसाठी बदललेली मांचुरियाची गाडी. नुसती चार मोठी चाकं असतील तर ती हारा यांच्या मूळ आराखड्यातली, जंगलातल्या रस्त्यांवर धावलेल्या गाड्यांसारखी.